दरिया आणि दर्या : आमच्या वाशिष्ठीची वाट

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. भूगोल हा माझा विषय नव्हे. पण करोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा भूगोलाचे सर रजेवर होते आणि सातवीचा तास माझ्याकडे आला. चिपळूणच्या महापुराला तेव्हा काही महिनेच झाले होते. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरात पाणी शिरले होते. नवी दप्तरे, नवी पुस्तके, भिंतींना ओल. म्हटले, धड्याआधी नदीपासूनच सुरुवात करू. फळ्यावर लिहिले, ‘हमारा दरिया’, आणि मुलांना वाशिष्ठीचा नकाशा काढायला सांगितला.

अर्ध्या तासाने वह्या पाहिल्या. जवळजवळ सगळ्यांची नदी हायवेच्या पुलापाशी सुरू होत होती आणि गोवळकोटच्या धक्क्यापाशी संपत होती. पुलाच्या वर काय आहे? ‘धरण,’ कोणीतरी म्हणाले. धक्क्याच्या पुढे? ‘समंदर.’ आपल्या घरापासून दिसते तेवढीच नदी प्रत्येकाच्या कागदावर उतरली होती.

एका मुलीने मात्र नदी काढलीच नव्हती. तिने कागदभर समुद्र काढला होता, लाटा आणि होडीसकट. मी फुली मारली आणि विचारले, “हे काय?”

ती म्हणाली, “टीचर, तुम्हीच तर दरिया लिहिलात. घरी नाना म्हणतात, दर्यावर गेलो होतो. म्हणजे समंदर ना?”

वर्ग हसला, पण तिचे काय चुकले? उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. गंगा दरिया, सिंधू दरिया. फारसीत मात्र हा शब्द मुळात समुद्रासाठी आहे, आणि मराठीत व आपल्या कोकणी बोलीत तो त्याच अर्थाने आला : दर्या म्हणजे समुद्र, दर्यावर्दी म्हणजे समुद्रावर फिरणारा. एकच शब्द शाळेत नदी आणि घरी समुद्र होतो. मी मुलांना दोन्ही अर्थ समजावून दिले आणि पुढे गेले.

पण त्या दिवशी घरी आल्यावर एक गोष्ट मनात राहिली. मला तरी हा नकाशा पूर्ण काढता आला असता का? चाळीस वर्षे या नदीच्या काठी राहूनही मी तिवरे पाहिले नव्हते. दाभोळला लग्नाच्या निमित्ताने एकदा गेले होते, तेवढेच. त्या हिवाळ्यात भाईजानची गाडी, माझा मुलगा आणि डब्यात भाकऱ्या घेऊन मी नदीच्या वाटेने निघाले. हा लेख त्या वाटेचा आहे. तो लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे, ते चिपळूण आले की सांगते.

मंबा : डोंगरातली नदी

उर्दूच्या भूगोलात नदीच्या उगमाला ‘मंबा’ म्हणतात. वाशिष्ठीचा मंबा सह्याद्रीत, चिपळूण तालुक्यातल्या तिवरे गावाच्या डोंगरात आहे. वसिष्ठ ऋषींवरून हे नाव पडले असे मानतात. नदीची लांबी सुमारे 70 किलोमीटर. गोदावरी आणि कृष्णाही याच सह्याद्रीत जन्म घेतात, पण त्या पूर्वेकडे वळून शेकडो कोस चालत बंगालच्या उपसागराला मिळतात. कोकणातल्या नद्यांना तेवढी सवड नाही. डोंगराच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचे सरळ अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर आहे. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

वरच्या भागात उतार फार मोठा आहे. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो. आम्ही गेलो तेव्हा पात्रात मोठमोठे गोल दगड उघडे पडले होते आणि त्यांच्यामधून घोटाभर पाणी वाहत होते. मुलगा दगडावरून दगडावर उड्या मारत पलीकडे गेला. हेच पाणी पावसाळ्यात ते दगड लोटत आणते, हे त्याला खरे वाटेना.

तिवऱ्याला धरणही होते. मातीचे, लहान. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. रात्रीची वेळ होती, बहुतेक लोक घरातच होते. आम्ही त्या बाजूने गेलो तेव्हा भाईजानने गाडी थांबवली, आम्ही उतरून दुआ मागितली. चिपळूणच्या मुलांच्या नकाशात ही वाडी नव्हती. माझ्याही नव्हती.

डोंगरापलीकडचे पाणी

चिपळूणच्या मुलांनी नदीच्या वर ‘धरण’ लिहिले होते ते तिवऱ्याचे नव्हे, कोयनेचे. हा भाग समजून घेण्यासारखा आहे.

कोयना नदी सह्याद्रीच्या पलीकडे, साताऱ्याच्या बाजूला आहे. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. साठ वर्षांपूर्वी हेळवाकजवळ तिच्यावर मोठे धरण बांधले आणि धरणाचे पाणी डोंगर पोखरून, बोगद्यांतून पश्चिमेला आणले. डोंगराच्या पोटात, पोफळीला, भूमिगत वीजघर आहे. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर वीज तयार होते. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट आहे. पोफळीतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवतात, त्यावर पुन्हा वीज करतात आणि मग ते कालव्याने चिपळूणच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीत सोडतात. याला ‘अवजल’ म्हणतात. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले पाणी वर्षाला 67.5 टीएमसी आहे.

याचा अर्थ असा की, पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी आमच्या दारावरून पश्चिमेच्या समुद्राला जाते. कोकणातल्या इतर नद्या मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या पडतात, डबकी उरतात. वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते, ती या अवजलामुळे. आमच्या नळाचे पाणी, काठच्या कारखान्यांचे पाणी, सगळे तिच्यावर. ही अल्लाहची मोठी नेमत आहे. मात्र पावसाळ्यात तिच्यात आधीच मावेल तेवढे पाणी असते. म्हणून पूर आला की, वरून पाणी किती आणि केव्हा सोडले, हा वाद दरवेळी होतो. त्या वादात मी पडत नाही. इतकेच म्हणते की, आपल्या नदीला दोन डोंगरउतारांचे पाणी येते, हे काठच्या प्रत्येक घराला ठाऊक असावे.

चिपळूण : जिथे नदी थांबते

खेर्डी मागे टाकून आपण बहादूरशेख नाक्याला येतो. मुंबई-गोवा हायवेचा पूल इथेच आहे. शहर समुद्रसपाटीपासून सरासरी फक्त सात मीटर उंच आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये बशीसारखा सखल भाग. डोंगरावरून धावत आलेली नदी इथे एकदम सपाटीला लागते. तिचा वेग कमी होतो आणि बरोबर आणलेली माती-वाळू ती इथेच टाकते. म्हणून पात्रात गाळाची बेटे तयार होतात. शहरातून येणारी शिव नदीही इथेच तिला मिळते. वाशिष्ठी फुगली की शिव नदीचे पाणी आत जाऊ शकत नाही, उलटे फिरते आणि बाजारपेठेत शिरते.

तिसरे पाणी समुद्राचे. दाभोळचे मुख इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, तरी भरतीचे पाणी खाडीतून चढत गोवळकोटपर्यंत येते. एके काळी गलबते आणि पडाव याच भरतीवर स्वार होऊन गोवळकोटच्या बंदराला लागत आणि ओहोटीबरोबर परत जात. चिपळूणचा व्यापार त्यावर उभा राहिला. इथे पाण्याची चव घेतली तर कधी गोडी, कधी मचूळ. दरिया आणि दर्या इथे एकाच पात्रात असतात.

आता ते दुसरे कारण.

2021 मध्ये 20 जुलैला आषाढी एकादशी होती, 21 तारखेला बकरी ईद. करोनामुळे नमाज घरीच झाली. पाऊस दिवसभर थांबला नव्हता. संध्याकाळी मी आणि भाभी मटणाचे वाटे करत होतो. अम्मी ओट्यावर बसून पाऊस बघत होती. ती तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिचे माहेर खाडीकाठचे, वडील मचव्यावर तांडेल. शाळा चौथीपर्यंत.

ती म्हणाली, “मगरिब झाली. अकरावा चांद लागला. अकरा आणि दोन तेरा. गो बाय, तेराच्या पाऊणपट किती?”

“पावणेदहा,” मी म्हटले. हात कामातच होते.

“म्हणजे उद्या सकाळी पावणेदहाला दाभोळला दर्या भरलेला असणार. उधाण जवळ आलंय. वरनं हा असा पाऊस. पाणी जाणार कुठं? खालचं सामान माळ्यावर टाका.”

मी म्हटले, “अम्मी, 26 जुलैच्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीपर्यंतच आलं होतं. आजवर तेवढंच. एवढं घाबरू नकोस.”

ती काही बोलली नाही. उठून कुराण शरीफ आणि रेशनचे तांदूळ तेवढे स्वतः माळ्यावर ठेवायला लागली. भाभीने तिला मदत केली. मी वाटे बांधत राहिले.

पहाटे जाग आली तेव्हा वीज गेली होती आणि ओट्याच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. फजरची नमाज आम्ही पलंगावर उभे राहून पढलो. त्यानंतर पाणी इतके भराभर चढले की, काही उचलायला वेळ मिळाला नाही. शेजारच्या काकूंनी वरच्या मजल्यावरून हाक दिली. त्यांच्या मुलाने आणि भाईजानने अम्मीला खांद्यावर घेऊन जिना चढवला. पुढचे दीड दिवस आम्ही अकरा माणसे काकूंच्या दोन खोल्यांत होतो. आदल्या दिवशीचे मटण आमच्या फ्रीजमध्ये पाण्याखाली होते. काकूंनी चुलीवर खिचडी केली. काकूंकडे ठेवायला म्हणून अम्मीने तांदळाचे पोते सोडायला लावले नव्हते, तेच कामाला आले.

खालच्या घरात सात फूट पाणी होते. शहरात काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. त्या पुरात हायवेच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला. त्याच दिवशी खेडला जगबुडीने आणि महाडला सावित्रीने शहर बुडवले, आणि संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरांनी तो दिवस पाहिला आहे.

आमच्या घरात माणसे सलामत राहिली, अलहम्दुलिल्लाह. फ्रीज, कपाटे, गाद्या गेल्या, त्यांचे काही नाही. पण लोखंडी पेटीत अब्बांचे जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक होते. तीस वर्षांचे शिक्के, कोणत्या बंदरात चढले, कुठे उतरले. पाने सुटी करून पंख्याखाली वाळवली, तेव्हा शाई उतरून सगळीकडे निळसर डाग झाले होते. अम्मीने एकेक पान हातात घेतले आणि ठेवून दिले. ‘मी सांगितलं होतं’ असे ती तेव्हाही म्हणाली नाही आणि नंतरही नाही.

मी बीएड झालेली बाई. पाऊणपटीचा हिशेब मीच तोंडी करून दिला होता. त्याचा अर्थ मात्र मी ऐकला नाही.

पाऊणपट म्हणजे काय?

अम्मीचा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. खारवी, भंडारी, आपले तांडेल-नाखवे, सगळ्यांना तो ठाऊक. तिथीला पाऊणने गुणले की साधारण भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. कारण सोपे आहे. समुद्राला मुख्यतः चंद्र ओढतो आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. त्यामुळे भरतीही रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे सकाळची वेळ मिळाली की रात्रीची साडेबारा तासांनी धरायची.

आपल्या घरात चांदाची तारीख चालते. हिलाल दिसतो तोवर तिथी एक-दोन दिवस पुढे गेलेली असते, म्हणून अम्मी चांदाच्या तारखेत दोन मिळवायची. 22 जुलैला तिथी त्रयोदशी होती आणि चांदाची तारीख अकरा. दोघांचा हिशेब पावणेदहालाच मिळतो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरती मोठी होत चालली होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात, अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे ‘भांग’. उर्दूच्या पुस्तकात या सगळ्याला ‘मद्दो-जजर’ असा भारदस्त शब्द आहे. मी तो कितीदा शिकवला असेल, पण कधी कॅलेंडरला लावून पाहिला नव्हता.

हा हिशेब अंदाजाचा आहे. पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि मुखापासून जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते. आता मोबाइलवर दर दिवसाच्या भरतीच्या अचूक वेळा मिळतात, त्या पाहाव्यात. पण आमच्याकडे पुराच्या रात्री मोबाइल बंद पडले होते. चांद मात्र प्रत्येक घराला माहीत होता, आदल्याच दिवशी ईद होती.

भरती पूर आणत नाही, पूर पाऊस आणतो. पण समुद्र भरलेला असताना नदीला पुढे जायला वाट मिळत नाही, पाणी शहरात तुंबते. ओहोटी लागली की ते उतरू लागते. म्हणून मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की काठच्या घराने सामान उचलायचे, म्हाताऱ्या माणसांना आधी हलवायचे. चौथी शिकलेली माझी अम्मी एवढेच सांगत होती.

खाडी

गोवळकोटच्या किल्ल्याखालून पुढे गेले की नदीची खाडी होते. पात्र रुंदावत जाते, पाणी संथ, दोन्ही काठांना तिवर आणि कांदळाची झाडी. कालुस्ते, करंबवणे, बहिरवली अशी गावे एकेक करून येतात. खेडहून आलेली जगबुडी बहिरवलीपाशी वाशिष्ठीला मिळते. चिखलाच्या काठावर उन्हे खात पडलेल्या मगरी आम्ही पाहिल्या. मुलाने मोजल्या, चार.

या काठांवर मुसलमानांची गावे जुनी आहेत. कौलारू घरे, नारळी, मशिदीच्या पायऱ्या थेट पाण्याकडे उतरणाऱ्या. आडनावेच पाहा : तांडेल, नाखवा, सारंग, सगळी जहाजावरची. खाडीतून मचवा, मचव्यातून गलबत, पुढे मुंबईच्या गोदीतून आगबोट. आपली कोकणी माणसे याच वाटेने आफ्रिकेला गेली. केपटाऊनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. नंतर आखात आले. आता खाडीकाठी जाळी टाकणारे हात कमी झाले आणि बंगले वाढले.

भाईजानचा एक जुना मित्र आम्हाला होडीतून घेऊन गेला. पूर्वी इथे बोय, शेंगट, चिंबोऱ्या, कालवे, तिसऱ्या यांवर घरे चालायची, तो सांगत होता. बायका ओहोटीला चिखलात उतरून टोपलीभर तिसऱ्या घेऊन यायच्या. आता जाळे रिकामे येते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याबद्दल खाडीकाठचे मच्छीमार अनेक वर्षे तक्रारी करीत आले आहेत. मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्यात वाळूचा उपसा, कांदळवनाची तोड.

मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, “कारखान्यांचं बोलायलाच हवं. पण तुमच्या शहरातनं काय येतं तेही सांगा. ईदच्या दुसऱ्या दिवशी जाळ्यात पिशव्या येतात.”

मी गप्प राहिले. कुर्बानीचा उरलेला भाग पिशवीत बांधून नाल्यात टाकलेला मी आमच्या गल्लीतच पाहिला आहे. शिव नदीचा नाला तो, तिथून वाशिष्ठी, तिथून याचे जाळे. कुर्बानी ही इबादत आहे, तर तिचा शेवटही पाकसाफ हवा. खड्डा खणून पुरावे, नगरपालिकेच्या गाडीत द्यावे. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सहाबींना शिकवले, ते आपण मुलांना पाठ करून घेतो. पाणी जपून वापरायचे तर ते घाण करणे आणखी दूरची गोष्ट.

भरावाचेही तसेच. सखल जागा, जिथे पूर्वी भरतीचे आणि पुराचे पाणी पसरून राहायचे, तिथे माती टाकून आपण घरे उभी केली. त्यात बाहेरदेशी राबून आणलेला हलाल पैसा आहे, हे खरे. पण ते पाणी तेवढीच जागा दुसरीकडे घेते. आमच्या घरात 2005 साली दुसऱ्या पायरीला थांबलेले पाणी 2021 साली सात फूट का चढले, याचे एकच उत्तर नाही. पाऊस, गाळ, धरण, भरती आणि भराव, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पुरानंतर चिपळूणच्या लोकांनी उपोषणे केली, तेव्हा नदीतला गाळ काढायचे काम सुरू झाले. गाळ दरवर्षी येणार, म्हणून ते काम दरवर्षी करावे लागणार.

दहाना : दाभोळ

नदीच्या मुखाला उर्दूत ‘दहाना’ म्हणतात. वाशिष्ठीचा दहाना दाभोळला आहे. उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेल आणि गोपाळगड. दोन्ही काठांमध्ये फेरीबोट चालते, दाभोळहून धोपाव्याला. माणसांबरोबर गाड्याही त्यात चढतात.

आज शांत दिसणारे हे गाव बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. इराण, अरबस्तान इथून घोडे यायचे, इथून कापड आणि मिरी जायची. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थान फिरून 1472 च्या सुमारास दाभोळहूनच जहाजात बसला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळले. गाव पुन्हा उभे राहिले. हजचे यात्रेकरूही इथून निघत.

जेटीजवळ काळ्या दगडाची शाही मशीद आहे. मधोमध मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, विजापूरची आठवण करून देणारी घडण. 1659-60 मधली. गावात सांगतात की, विजापूरची शहजादी आयशाबी हजसाठी इथवर आली, पण समुद्रावर धोका होता म्हणून तिला पुढे जाता आले नाही. प्रवासासाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला. कथा किती खरी, ते अल्लाह जाणे. पण दर्या वाट देत नसेल तेव्हा थांबावे लागते, हे या गावाला पहिल्यापासून माहीत होते, असे ती ऐकताना वाटते.

आम्ही तिथे असर पढलो. बाहेर आलो तेव्हा ओहोटी लागली होती. मुखाकडे पाणी ओढीने चालले होते. मुलाने विचारले, “यात आपल्या घरासमोरचं पाणी पण असेल?” भाईजान म्हणाला, “आजचं नसेल. कालचं असेल कदाचित.”

कॅलेंडरवरचा रकाना

दोन वर्षांपूर्वी अम्मी अल्लाहला प्यारी झाली. खाडीबद्दल तिला काय काय ठाऊक होते, ते मी सगळे विचारून घेतले नाही. कोणता वारा सुटला की मासा आत येतो, पुराचे पाणी कोणत्या रंगाचे झाले की ते उतरणार, हे ती जाता जाता बोलायची आणि आम्ही ‘हो हो’ म्हणायचो.

जे आले ते मात्र मी पुढे देते. आता जूनमध्ये प्रत्येक वर्गात आम्ही चांदाच्या कॅलेंडरवर एक रकाना आखतो. मुले चांदाच्या तारखेत दोन मिळवतात, पाऊणने गुणतात, भरतीची वेळ लिहितात आणि मोबाइलवरच्या वेळेशी ताडून पाहतात. बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करायचे, हेही त्यांना आता पाठ झाले आहे. उधाणाचे दिवस लाल पेन्सिलीने रंगवतात. ते कॅलेंडर घरी स्वयंपाकघरात लावायचे. शिवाय घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला तीन प्रश्न विचारून यायचे : पाणी कुठवर आले होते, कोणत्या वर्षी, आणि तेव्हा तुम्ही काय केले?

आपण कोणत्याही नदीच्या काठी राहत असाल, सावित्री, कुंडलिका, शास्त्री किंवा काजळी, हे आपल्याही घरी करून पाहा. एका रविवारी मुलांना घेऊन तिच्या उगमापासून मुखापर्यंत जा. फार लांब नाही, कोकणातली कोणतीही नदी एका दिवसात पाहून होते. नानी-दादी घरात असतील तर त्यांना बरोबर न्या.

आणि ती समुद्र काढणारी मुलगी. दाभोळहून आल्यावर मी तिची वही परत मागितली, लाल फुली खोडली आणि खाली लिहिले, ‘सही. पण वर डोंगर काढायचा राहिला.’ दुसऱ्या दिवशी तिने डोंगर काढून आणला.